अवेळी आलेली करंडी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा खारदांड्यात दुहेरी घाईचा असतो. किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारायच्या असतात. जाळी धुऊन, वाळवून घरात घ्यायची असतात. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर उरलेसुरले बोंबील असतील तर ते पहिल्या सरीआधी उतरवायचे असतात. आणि घरात, पावसाचं पाणी लागायच्या आत, आंबा संपवायचा असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला सरकारी मनाई आहे. माझ्या आजोबांना अशी तारीख कुणी सांगत नसे. वारा नैर्ऋत्येला वळला आणि लाटेचा आवाज जड झाला की होडी वर यायची, ती नारळी पौर्णिमेपर्यंत वरच.

या आठवड्यात मी दरवर्षी एका जुन्या पुस्तकातलं एक पान पुन्हा वाचते. पुस्तक पोर्तुगीज आहे. १५६३ साली ते गोव्यात छापलं गेलं आणि लिहिणारा होता गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य. पुस्तकाचं नाव ‘कोलोकियुश’, म्हणजे संवाद. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, मसाले आणि फळं यांवरचे हे संवाद आहेत. ओर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत इथेच राहिला. मुंबई बेट त्याच्याकडे पोर्तुगालच्या राजाकडून खंडाने होतं. त्याचा तिथला वाडा आजच्या टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या हद्दीत होता. माहीमची खाडी ओलांडली की आमची साष्टी सुरू होते, म्हणजे त्या काळचा आमचा हा शेजारीच. क्लेमेंट्स मार्कमने १९१३ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, त्यातून मी ते वाचलं. आंब्याचा संवाद चौतिसावा. त्याच्या सुरुवातीची काही वाक्यं मुंबईच्या आंब्याबद्दल आहेत. आंबा कधी पिकतो आणि त्या वेळेने त्याच्या चवीत काय फरक पडतो, यावर इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठेच वाचलेलं नाही.

प्रसंग साधा आहे. ओर्ता आणि रुआनो गोव्याच्या घरात बोलत बसलेत. रुआनो हा ओर्ताने कल्पिलेला विद्वान. तो स्पेनमध्ये शिकून नुकताच इथे उतरलाय आणि त्याच्याकडे प्रश्नच प्रश्न आहेत. इतक्यात घरातलं चाकर माणूस येऊन वर्दी देतं की मुंबईतलं तुमचं कूळ सिमाँव तोस्कानो आलाय. गव्हर्नरला नजर करायला त्याने आंब्यांची करंडी पाठवलीय, आणि होडी बांधून झाली की तो मुक्कामाला इथेच येणार आहे.

एवढंच. पण शास्त्राच्या पुस्तकात असा निरोप कोण छापतो? ओर्ताला फळाचं वर्णन सरळ करता आलं असतं. झाड केवढं, पान कसं, फळ उष्ण की थंड, असं तो पुढे करतोही. त्याआधी मात्र तो करंडी दारातून आत आणतो. फळाबद्दल एक शब्द बोलण्याआधी ते कुणाच्या बेटावरचं, कोण घेऊन आला, कशाने आणि कुणासाठी, हे सगळं वाचकाच्या हाती लागलेलं असतं. आमच्याकडे आंब्याची पेटी घरात आली की पहिला प्रश्न हाच असतो, “कुठला?” चव त्यानंतर.

होडी बांधून येण्याचा तपशील मला सगळ्यात जवळचा. बाबा मासेमारी करून परतायचे तेव्हा ते कधीच आधी घरी पोचत नसत. आधी पाटी यायची. कुणीतरी पोरगा पळत दारात यायचा, पाटी ठेवायचा आणि म्हणायचा, “काका होरी बांधून येतात.” मासळीला थांबून चालत नाही, होडीला सोडून चालत नाही. भरती चढती आहे की उतरती ते बघायचं, नांगर कितपत धरतोय ते बघायचं, दोर किती सैल ठेवायचा ते ठरवायचं. यात अर्धा तास सहज जायचा. आई तोवर पाटीतली मासळी निवडायला घेई. सिमाँव तोस्कानोचा निरोप मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो पोरगा दिसला. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या पानात तोस्कानो स्वतः बोलत नाही, पण दर्यावरून आलेला माणूस आहे हे त्या एका निरोपात कळतं. माल पुढे, माणूस मागे. ओर्ता किनाऱ्यावर राहिलेला होता. त्याने हे ऐकलेलं होतं, म्हणूनच लिहिलं.

मग ओर्ता रुआनोला सांगतो की मुंबई बेटावर त्याचं आंब्याचं एक झाड आहे, ते वर्षाला दोनदा फळतं. एक बार या दिवसांत येतो, दुसरा मेच्या अखेरीस. पुढे तो दोन्ही बारांची तुलना करतो, आणि मी हे पान पुन्हा पुन्हा उघडते ते या वाक्यासाठी. वासात आणि चवीत मेचा बार या बाराहून जितका सरस, तितकाच हा बार अवेळी येण्यात विशेष, असा त्याचा आशय आहे.

‘जितका’ आणि ‘तितका’ हा तोल नीट बघावा. करंडी त्याच्या स्वतःच्या झाडाची, गव्हर्नरला नजर करायची. आपल्या नजराण्याची स्तुती करणं त्याला सहज शक्य होतं आणि पाहुण्याला ती खरीही वाटली असती. तो तसं करत नाही. समोर ठेवलेल्या फळाहून चांगलं फळ याच झाडावर मेमध्ये लागतं, हे तो पहिल्या दमात सांगून टाकतो. पण तिथे थांबला असता तर समोरचं फळ गरीब ठरलं असतं. म्हणून दुसऱ्या अर्ध्यात तो त्या फळाला त्याचं स्वतःचं मोल देतो, आणि ते चवीचं नव्हे, वेळेचं मोल असतं. दोन गुण तो एका मापाने मोजत नाही. पारड्याच्या एका बाजूला गोडी, दुसऱ्या बाजूला महिना, आणि काटा मध्ये स्थिर. चवीबद्दल इतकं सच्चं आणि इतकं उदार वाक्य लिहायला जिभेइतकाच मनाचाही सरळपणा लागतो.

हा अवेळी बार नाताळाच्या सुमाराचा, असं वाचणारे धरत आलेत. मोहोरापासून फळ तयार व्हायला आंब्याला साधारण चार महिने लागतात. नाताळात फळ हवं तर मोहोर ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात यायला हवा, म्हणजे मुंबईचा पाऊस अजून उघडलेला नसताना. मोहोराला पाऊस सोसत नाही. फुलं झडतात, बुरशी धरते, परागीभवन करणाऱ्या माश्या बाहेर पडत नाहीत. कोकणातला आंबा म्हणून थंडीची वाट बघतो. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार होऊ लागल्या की पालवीची ओढ थांबते आणि डोळ्यांतून मोहोर फुटतो. ओर्ताचं झाड हा नियम मोडून पावसाच्या शेपटाला फुलत होतं, आणि मग पुन्हा सगळ्यांबरोबर थंडीतही. असं झाड विरळ असतं, पण असतं. माझगावचे आंबे तर एके काळी इतके नावाजलेले होते की थॉमस मूरने १८१७ साली छापलेल्या ‘लल्ला रूख’ या काव्यातही ते येतात.

मराठीत या दोन बारांसाठी शब्द तयारच आहे. डाळिंब आणि लिंबाचे बागाईतदार मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार असे तीन बहार धरतात. त्यातला आंबे बहार म्हणजे आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांतला. दुसऱ्या फळझाडांनी आपला महिना ओळखायचा तो आंब्याच्या मोहोरावरून. ज्या झाडावर इतर झाडांचं पंचांग चालतं, त्यानेच स्वतःचं पंचांग मोडलं, हे नवल ओर्ताला किती मोठं वाटलं असेल याचा अंदाज मला या शब्दामुळे येतो.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच वाचनांनंतर दिसली. ओर्ताच्या झाडाला नाव नाही. या संवादात गुजरातचे आंबे येतात, बालाघाटचे म्हणजे घाटावरचे येतात. ही सगळी मुलखांची नावं. स्वतःच्या झाडाबद्दल तो फक्त ‘त्या बेटावरचं माझं’ एवढंच म्हणतो. त्यात हापूस नाही. हापूस हे नाव आफोन्सोवरून आलं, आणि आंब्याला माणसाचं नाव चिकटण्याची रीत ओर्तानंतर पसरली. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रवासी निकोलाव मानुची गोव्याच्या आंब्यांची नावं देतो, त्यात निकुलाव आफोन्सो आहे, कार्रैरा आहे, जुआँव पारैरा आहे. गोव्याचा मानकुरादही पोर्तुगीज शब्दातूनच आलेला. मधल्या काळात कलमाची कला रुजली होती. कोयीपासून वाढलेल्या झाडाचं फळ आईसारखं निघेलच असं नाही. कलम बांधलं की जात बांधली जाते, आणि जातीबरोबर तिचा महिनाही बांधला जातो.

म्हणून ओर्ताचं पान वाचताना मला रायवळ आठवतो. रायवळाचं प्रत्येक झाड वेगळं. गावोगाव झाडांना आपापली नावं होती. खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या, शेंदऱ्या. ही नावं जातींची नव्हती, त्या त्या झाडाची होती. एक एप्रिलात पाडाला येई, दुसरं मृगाच्या पावसात, तिसरं एक वर्षाआड. ते झाड तोडलं की त्याचं नाव आणि त्याचा महिना दोन्ही गेले. मुंबई बेटावरचं दोन बारांचं झाडही असंच एकटं होतं. त्याच्याबद्दल उरलं ते या तीन-चार वाक्यांत.

आज खारदांड्याच्या नाक्यावर गाडीवाला ज्या क्रमाने आंबा मांडतो तो क्रम नकाशासारखा वाचता येतो. फेब्रुवारीत, कधी जानेवारीतच, देवगडचा हापूस. कोकणची किनारपट्टी दक्षिणेकडून पिकत वर सरकते. सिंधुदुर्ग आधी, मग रत्नागिरी, मग रायगड. अलिबागकडचा हापूस खरा रंगात येतो तो मेमध्ये. एप्रिलात पायरी येते. रसाला पायरीच, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. तिच्या चोचीपाशी जरा दाबलं की रस स्वतःहून पुढे येतो, आणि हापुसाच्या रसाला नसते ती किंचित आंबट कड तिच्या गोडीला असते. मेच्या सुरुवातीला गीरचा केसर. मग तोतापुरी. त्याला इथे फळापेक्षा कैरीसारखा मान, मीठ-तिखट लावून. मेच्या अखेरीस जुन्नरचा हापूस, घाटावरचा, म्हणजे ओर्ताच्या बालाघाटातला. जूनमध्ये दशहरी आणि लंगडा. नीलम पावसात. जुलै-ऑगस्टात चौसा, आणि त्याच्या आसऱ्याने गाडीच्या एका कोपऱ्यात काश्मीरची पहिली सफरचंदं. सफरचंदाचाही असाच क्रम असतो. लवकर पिकणारं फार दिवस टिकत नाही, तोडलं की खावं. उशिराचं हिवाळाभर राहतं. आंब्याला ही सवलत नाही. त्याचा दिवस आला की आला.

कोकणातले बागाईतदार फळाची तयारी आण्यांत मोजतात. आणे चलनातून जाऊन पिढ्या लोटल्या, पण झाडावर ते अजून चालतात. चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने उतरवायचा, म्हणजे फळ प्रवास सोसतं आणि घरी येऊन पूर्ण पिकतं. देठाजवळचे खांदे वर आलेत, देठ खळग्यात बसलाय, सालीचा गडद हिरवा जरा उजळलाय, ही खूण. बारा आण्यांना तोडलेला आंबा अढीत घातला तर पिवळा होतो, पण पिकत नाही. सोळा आणे झाडावर ठेवला तर वाटेत बसतो. साक्याचा धोकाही मग वाढतो. हापूस कापल्यावर बाठ्याभोवती जो पांढुरका, पोकळ, चवहीन भाग दिसतो, तो साका.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या मध्यावर मी मुलीच्या हट्टाखातर एक पेटी घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही. किंमत ऐकून हात थांबला होता, तरी घेतली. आंबे केशरी होते, सगळे एका रंगाचे, एका दिवशी पिकलेले. वास नव्हता. कापल्यावर बाठ्याकडचा गर घट्ट आणि आंबूस निघाला. मुलीने दोन फोडी खाल्ल्या आणि बशी सरकवली. त्या रात्री मी ओर्ताचं पान काढलं आणि त्याच्या वाक्यातला फरक मला बोचला. त्याचं अवेळी फळ अवेळी *पिकलेलं* होतं. झाडाने आपल्या हिशेबाने मोहोर धरला, चार महिने घेतले, मग फळ दिलं. माझ्या पेटीतल्या फळाला ते चार महिने कुणी दिलेच नव्हते. लवकर येणं आणि लवकर तोडलं जाणं यांत फार अंतर आहे, आणि किंमत मात्र दोन्हींची सारखीच लावली जाते. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाईड वापरायला कायद्याने बंदी आहे, पण कार्बाईड नसलं तरी बारा आण्यांचं फळ बारा आण्यांचंच राहतं.

एकाच झाडाचे दोन बार, मग मेचा बार सरस का? ओर्ता कारण देत नाही. मला वाटतं ते कारण मार्च, एप्रिल आणि मे या महिन्यांत आहे. मेच्या फळाला वाढीचे शेवटचे दोन महिने लांब दिवस आणि तापलेलं ऊन मिळतं. नाताळच्या फळाचे तेच महिने आखडत्या दिवसांत जातात. माती तीच, मूळ तेच, माळी तोच. फळाच्या चवीतला केवढा भाग निव्वळ महिन्याचा असतो, हे दाखवायला याहून स्वच्छ प्रयोग कुणी मांडला नसता. ऐकीव ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणारा हा वैद्य होता. गालेनसारख्या प्राचीन आचार्यांचं म्हणणंही तो पारखून घेई. अशा माणसाचा शेवट मात्र त्याच्या मरणाबरोबर झाला नाही. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यात जाळलं गेलं, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. आंब्याचं पान मात्र राहिलं.

आता एक गोष्ट, जी ओर्ताने लिहिलेली नाही आणि मी खारदांड्याची असल्यामुळे मला दिसते. सिमाँव तोस्कानो मुंबईहून गोव्याला होडीने आला. चारशे किलोमीटरहून जास्त वाट. नाताळच्या दिवसांत किनाऱ्यावर उत्तरेचा वारा असतो, दर्या निवळ असतो, आणि गोव्याकडे जाणारी होडी त्या वाऱ्याने अंगणात चालावं तशी जाते. चौदा आणे आंबा करंडीत घातला तर तो वाटेत, भाताच्या पेंढ्यात, होडीच्या डोलण्यावर पिकत पिकत पोचतो. मेच्या अखेरीस हे जमत नाही. वारा फिरलेला असतो, दर्या बंद व्हायच्या बेतात असतो. आंब्यासाठी शहाणा तांडेल तेव्हा इतक्या लांब होडी काढत नाही. म्हणजे त्याच्या झाडाचा उत्तम बार बेटावरून हलणं कठीण, आणि हलणारा बार तो दुसरा. गव्हर्नरच्या वाट्याला नाताळचा आंबा येतो. मेचा आंबा ज्यांच्या दाराशी झाड आहे त्यांच्यासाठी राहतो. ओर्ताने मेच्या बाराच्या वासाबद्दल इतक्या खात्रीने लिहिलं, ते बेटावर उभं राहून तो खाल्ल्याशिवाय लिहिता आलं नसतं.

बाबा मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात होडी वर घेत. आठ-दहा जणांचे हात लागत, खाली ओंडके टाकून ओढावी लागे. ती जागेवर बसली की ताडपत्री चढायची, आणि मग दोराच्या गाठी, एकेक करून. आई पातेल्यात पाणी घालून त्यात आंबे बुडवून किनाऱ्यावर पाठवायची. रायगडच्या पेटीतले शेवटचे, एखादा डाग पडलेला, एखादा जरा जास्त झालेला. शेवटची गाठ बसेपर्यंत बाबा पातेल्याकडे बघत नसत. मग हात वाळूने घासून, समुद्राच्या पाण्यात बुचकळून, होडीच्या सावलीत बसत, आंबा दोन्ही तळव्यांत घोळून मऊ करत, देठ काढून पहिला चीक वाळूत पिळून टाकत आणि चोखायला लागत. तळव्यांवरचं मीठ आंब्याच्या सालीला लागलेलं असे. ते म्हणत, हा आंबा घरात नेऊन असा लागत नाही.